बीनफील्ड, १ जून १९८५ : स्टोनहेंजची फुकट जत्रा कशी मोडली गेली

माळरान

जून उजाडला की इंग्लंडमधल्या मराठी गटांवर स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाच्या सूर्योदयाचे फोटो पडायला लागतात आणि "यंदा कोण कोण येतंय" अशी विचारणा सुरू होते. २१ जूनच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या पहाटे आपली बरीच मंडळी तिथे जातात. जायलाच हवं, फार सुंदर असतं. पण १९८५ नंतर पंधराएक वर्षं त्या पहाटे सर्वसामान्य माणसाला दगडांच्या जवळ फिरकू देत नव्हते, आणि त्यामागे शेकडो लोकांनी खाल्लेला मार आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मी सॉल्सबरीजवळ राहतो. जुन्या लोकांकडून ऐकलेलं आणि वर्षानुवर्षं वाचलेलं इथे मांडतो आहे. कुणाला त्या काळातलं काही आठवत असेल तर जरूर लिहा.

या फुकट जत्रांची गोष्ट विंडसरपासून सुरू होते. १९७२ साली उबी ड्वायर नावाच्या एका सरकारी नोकराने ठरवलं की राणीच्या विंडसर ग्रेट पार्कात जत्रा भरवायची. तिकीट नाही आणि परवानगीही मागायची नाही. पहिल्या वर्षी काही शे लोक आले, दोन वर्षांत हजारोंनी यायला लागले. २९ ऑगस्ट १९७४ च्या सकाळी थेम्स व्हॅली पोलिसांचे शेकडो शिपाई दंडुके घेऊन त्या तंबूंमध्ये शिरले. वर्तमानपत्रांत इतका गदारोळ झाला की पुढच्या वर्षी सरकारनेच वॉचफील्डची वापरात नसलेली धावपट्टी जत्रेला काढून दिली. ड्वायर आणि त्याचा साथीदार सिड रॉल यांना मात्र विंडसरला पुन्हा जत्रा भरवायचा प्रचार केला म्हणून तुरुंगात टाकलं.

त्याच १९७४ च्या जूनमध्ये स्टोनहेंजला फिल रसेल नावाचा तरुण तशीच जत्रा भरवून मूठभर मित्रांना घेऊन राहिला होता. जत्रा संपल्यावरही ही मंडळी हलेनात, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. तिथे प्रत्येकाने आपलं नाव 'वॉली' असंच सांगितलं. फिल रसेलला आजही लोक 'वॉली होप' म्हणूनच ओळखतात. १९७५ साली त्याला एलएसडी हे अमली द्रव्य बाळगल्याबद्दल पकडलं, तिथून मनोरुग्णालयात नेलं, जबर औषधं दिली. बाहेर आला तो पार खचलेला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात गेला. १९७६ च्या जत्रेत त्याची रक्षा दगडांच्या मधोमध उधळली. तेव्हापासून १९८४ पर्यंत ही जत्रा एकाही वर्षी चुकली नाही. शेवटच्या वर्षी किती लोक होते यावर आजही वाद आहे, पण कमीत कमी आकडा सांगणारेसुद्धा तीस हजारांच्या खाली येत नाहीत.

माझ्या कामावर एक वेल्डर होता, आता निवृत्त झालाय. तो ऐन विशीत या लोकांबरोबर फिरायचा. त्याच्याकडून मी जत्रेचं सगळ्यात जास्त ऐकलं. त्याचं काम म्हणजे बसमध्ये बसवायच्या शेगड्या बनवणं. गॅसचं रिकामं सिलिंडर आडवं कापायचं, पुढे बिजागरीचं दार लावायचं, खाली राख पडायला जाळी, आणि वरून लोखंडी पाइप बसच्या छपरातून बाहेर काढायचा. छपराला भोक पाडलं की पत्र्याची कडा आत वळवून घ्यायची, नाहीतर पावसाचं पाणी थेट अंथरुणावर. एका शेगडीच्या बदल्यात त्याला कधी डिझेल मिळायचं, कधी बटाट्याचं पोतं, कधी कुणी त्याच्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवून दुरुस्त करून द्यायचं. हॉकविंडसारखे नावाजलेले बँड तिथे एक पैसा न घेता वाजवत. या सगळ्याला मालक नव्हता, तरी पाणी भरलं जायचं आणि जेवण शिजायचं. हरवलेलं मूल संध्याकाळपर्यंत आईकडे पोचायचं.

हे मुद्दाम लिहितोय, कारण त्या बसगाड्या म्हणजे सहलीची वाहनं नव्हती. भंगारात निघालेल्या शाळेच्या बस, घोडे वाहायच्या गाड्या, जुन्या रुग्णवाहिका. लोक बारा महिने त्यांत राहत होते आणि मुलं वाढवत होते. १९७९ नंतर बेकारी बेसुमार वाढली. शहरातल्या पडक्या घरात राहण्यापेक्षा बस बरी, असं ठरवून अनेक तरुण या तांड्यात आले. स्टोनहेंज ही त्यांची वर्षाची मोठी गाठभेट. तिथून पुढच्या जत्रेला, तिथून पुढच्या.

१९८५ साली इंग्लिश हेरिटेज आणि नॅशनल ट्रस्ट या दगडांचा आणि आसपासच्या जमिनीचा सांभाळ करणाऱ्या संस्थांनी हायकोर्टातून मनाई हुकूम मिळवला. त्यात ८३ जणांची नावं होती. मार्चमध्ये खाणकामगारांचा वर्षभराचा संप मोडून झाला होता, आणि वेगवेगळ्या जिल्ह्यांतले पोलीस एकत्र आणून मोठा जमाव कसा दाबायचा याचा सराव त्या वर्षात पक्का झाला होता. फेब्रुवारीत मोल्सवर्थच्या क्षेपणास्त्र तळावरून शांतता छावणी हटवायला तर सैन्य उतरवलं होतं. त्यातलेही बरेच लोक या तांड्यात होते.

१ जूनला सॅव्हरनेक जंगलातून सुमारे १४० गाड्या निघाल्या. स्टोनहेंज अजून सातेक मैल लांब असताना पोलिसांनी रस्त्यावर खडीचे ट्रक रिते करून वाट अडवली होती. पोलीस होते तेराशेच्या आसपास, तांड्यातले लोक मुलाबाळांसकट पाचसहाशे. रांगेतल्या पुढच्या गाड्यांच्या काचा फुटायला लागल्या तेव्हा बाकीच्या गाड्या कुंपण मोडून शेजारच्या गवताच्या रानात शिरल्या. तिथे काही तास सगळं थांबलं होतं. बोलणी करून पाहिली. आम्हाला मागे फिरून जाऊ द्या, अशी त्यांची मागणी होती. कमान असिस्टंट चीफ कॉन्स्टेबल लायनेल ग्रंडी यांच्याकडे होती. उत्तर आलं की आता अटकच होईल. संध्याकाळी सातच्या सुमारास पोलीस ढाली आणि दंडुके घेऊन आत घुसले. काही बस पळून शेजारच्या शेतात गेल्या, तिथे घेवड्याच्या जातीचं पीक उभं होतं. त्यावरून या दिवसाचं नाव बीनफील्ड पडलं. तिथे एकेक बस गाठून काचा फोडल्या, आतल्या माणसांना फुटक्या काचांमधून बाहेर ओढलं. ५३७ जणांना अटक झाली.

हे आपल्याला इतक्या तपशिलात कळतं ते तीन माणसांमुळे. 'ऑब्झर्व्हर' वर्तमानपत्राचे वार्ताहर निक डेव्हिस तिथे होते आणि त्यांनी पाहिलं तसं लिहिलं. आयटीएन या टीव्ही वृत्तसंस्थेचे किम सबिडो यांनी शेतात उभं राहून कॅमेऱ्यापुढे सांगितलं की आपल्या कारकिर्दीत पाहिलेल्या पोलिसांच्या सर्वांत क्रूर वागणुकींपैकी ही एक आहे. ती फीत पुढे प्रक्षेपणात जशीच्या तशी आली नाही. आणि तिसरा माणूस म्हणजे अर्ल ऑफ कार्डिगन. सॅव्हरनेकचं जंगल त्यांच्या घराण्याचं, आणि ते स्वतः स्थानिक काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे पदाधिकारी. मोटरसायकलवरून तांड्याच्या मागे गेले होते. गरोदर बाईला दंडुक्याने मारताना पाहिलं, हे त्यांनी कोर्टात शपथेवर सांगितलं. जे लोक अजून जंगलातच राहिले होते त्यांना हुसकावायला पोलिसांनी परवानगी मागितली, ती त्यांनी दिली नाही. मग काही मोठ्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावरच चिखल उडवला. त्यांनी बदनामीचे दावे लावले आणि ते जिंकले.

माझं म्हणणं एवढंच आहे. मनाई हुकूम जत्रेवर होता, पण त्या संध्याकाळी घरं फोडली गेली. मागे फिरायला तयार असलेल्या लोकांना मागे फिरू दिलं नाही.

---

पेन्शनर_डॉक्टर

माळरान, छान लिहिलंय. मी सत्तरच्या दशकात इकडे आलो, दक्षिण इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर होतो. १९८३ च्या जूनमध्ये सौ., दोन मुलं आणि पुण्याहून आलेले सासरे यांना स्टोनहेंज दाखवायला घेऊन गेलो. जत्रेची काहीच कल्पना नव्हती. रस्त्याच्या पलीकडे नजर पोचेल तिथवर तंबू, बस, धूर! सौ. म्हणाली गाडी फिरवा. सासरे आयुष्यभर वारी केलेले, ते म्हणाले, अरे हा तर पालखीचा तळ दिसतोय, चला बघू. आणि खाली उतरून चालायला लागले.

एका तंबूत मोठ्या पातेल्यात डाळ शिजत होती. हळद घातलेली, अक्षरशः आपल्यासारखी. शिजवणारा मुलगा भारतात राहून आलेला होता. सासऱ्यांनी दोन घास खाऊन त्याला खुणेनेच सांगितलं की वरून जिऱ्याची फोडणी दे. त्याने दिली! पैसे घेतले नाहीत, डबा ठेवला होता, हवं तर टाका. हेही सांगतो की दुसरीकडे उघड्यावर फळा लावून गांजा आणि एलएसडीचे भाव लिहिले होते. मुलांना घेऊन मी त्या बाजूने पटकन पुढे गेलो. दोन्ही गोष्टी मी एकाच दुपारी पाहिल्या.

१९८५ ची बातमी टीव्हीवर पाहिली तेव्हा हॉस्पिटलच्या मेसमध्ये बसलो होतो. बरोबरचे म्हणत होते, बरं झालं, घाण साफ झाली. मी गप्प बसलो. तेव्हा आम्ही नवखे होतो, मत मांडायची सवय नव्हती. पण सासऱ्यांना फोडणी देणारा तो मुलगा डोळ्यापुढून हलत नव्हता.

---

केशरीभात

लेख आवडला, पण दुसरी बाजू अगदीच राहून गेली. माझं सासर विल्टशरमधलं, म्हणजे स्टोनहेंजच्याच परगण्यातलं, शेतकरी कुटुंब. सासूबाई सांगतात की जून आला की गावात धडकी भरायची. कुंपणाचे खांब जळणाला जायचे, कुत्री मेंढ्यांमागे लागायची, आणि तीस-पन्नास हजार लोकांचा मैला कुठे जाणार? दगडांच्या आसपास कांस्ययुगातली दफनाची टेकाडं आहेत, त्यांत खड्डे खणले गेले. चार हजार वर्षं टिकलेली गोष्ट दहा दिवसांत खणली की ती पुन्हा जोडता येत नाही. १९८४ पर्यंत हेरॉइन विकणारेही शिरले होते.

आणि हायकोर्टाचा हुकूम होता ना? तो माहीत असून गाड्या निघाल्या. मारहाण वाईटच, तिचं समर्थन मी अजिबात करत नाही. पण जत्रा बंद व्हायला हवी होती असं सासूबाईंना आजही वाटतं आणि मला त्यांचं पटतं.

---

माळरान

केशरीभात, टेकाडांचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे आणि ते मी लिहायला हवं होतंच, एवढंच नाही तर त्यावर वेगळा धागा व्हावा इतकं मोठं आहे. शेतकऱ्यांचं नुकसानही खरं. हेरॉइनबद्दल एक भर घालतो : जत्रेतले जुने लोक हेरॉइनच्या कट्टर विरोधात होते, १९८४ साली विकणाऱ्यांची गाडी त्यांनीच जाळली. पोलीस नसलेल्या गावात न्याय असाच होतो, आणि तोही सुखाचा नाही, हे मान्य.

पण हुकुमात नावं ८३ होती. अटक झाली ५३७ जणांना. आणि ज्या शेतात हे झालं ते स्टोनहेंज नव्हे. हुकूम मोडला जायच्या आधीच, सात मैल अलीकडे, घरांच्या काचा फुटल्या. पुढे बहुतेकांवरचे आरोप टिकलेच नाहीत.

---

निळावंती

कायद्याच्या अंगाने थोडं लिहिते, माझा अभ्यासाचा विषय आहे.

तांड्यातल्या काही लोकांनी विल्टशर पोलिसांवर दिवाणी दावा लावला. निकाल १९९१ साली लागला. २१ जणांना मिळून २४,००० पौंड नुकसानभरपाई मंजूर झाली, पण न्यायाधीशांनी दाव्याचा खर्च दिला नाही, त्यामुळे सगळी रक्कम वकिलांच्या बिलातच गेली. म्हणजे सहा वर्षं भांडून हातात कागद.

दुसरं, बीनफील्डनंतर कायदाच बदलला. १९८६ च्या पब्लिक ऑर्डर अॅक्टमध्ये कलम ३९ आलं : बारा किंवा जास्त वाहनं घेऊन कुणाच्या जमिनीवर मुक्काम केला तर पोलीस उठवू शकतात. त्याच उन्हाळ्यात हॅम्पशरमध्ये स्टोनी क्रॉसला तांडा अडकला होता, तेव्हा पंतप्रधान थॅचर यांनी जाहीर सांगितलं होतं की अशा तांड्यांचं जगणं अवघड करायला आपल्याला आनंदच वाटेल. पुढे मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टनच्या माळावर आठवडाभर फुकट जत्रा झाली, वीस हजारांवर लोक आले, आणि त्यातून १९९४ चा क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर अॅक्ट आला. त्यात बाराची मर्यादा सहा वाहनांवर आणली. एकामागून एक पुन्हापुन्हा येणाऱ्या ठेक्यांचं संगीत, अशी चक्क कायद्याच्या मसुद्यात व्याख्या केली! शिवाय ठरावीक भागात वीस किंवा त्याहून जास्त लोक जमायला बंदी घालायची सोय.

या शेवटच्या तरतुदीतूनच दरवाजा परत उघडला. १ जून १९९५ ला, बीनफील्डच्या दहाव्या स्मरणदिनी, एकवीस माणसं स्टोनहेंजजवळ रस्त्याच्या कडेला गवतावर शांतपणे उभी होती. काहींना अटक झाली, दोघांना शिक्षा झाली, आणि ते प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) गेलं. १९९९ साली तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला की सार्वजनिक रस्ता हा फक्त ये-जा करण्यापुरता नसतो, कुणाला अडथळा न करता शांतपणे जमणं हाही तिथला वाजवी वापर असू शकतो. पुढच्याच वर्षी, २००० साली, इंग्लिश हेरिटेजने वर्षातल्या त्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या पहाटे दगड सगळ्यांना खुले केले. हक्कासाठी त्या लोकांनी फक्त उभं राहायचं ठरवलं, याचं मला फार अप्रूप आहे.

---

सोलापूर_सेटलमेंट

कलम ३९ वाचून थांबलो. माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये जन्मले. तारेचं कुंपण, दिवसातून हजेरी, गिरणीत कामाला जायलाही पास. गुन्हा काय? फिरस्ती जमात. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि जन्मानेच माणूस गुन्हेगार ठरवला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, आम्ही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो.

दोन्ही एकसारखं आहे असं मी म्हणत नाही. बसमध्ये राहायला गेलेल्या गोऱ्या पोराला परत फिरायला घर असू शकत होतं, माझ्या आजोबांना नव्हतं. पण ज्याचं घर चालतं त्याच्याकडे पोलिसाची नजर कशी जाते, ते आमच्या पालावर आजही दिसतं. गावाबाहेर पाल पडलं आणि गावात चोरी झाली की पहाटे जीप कुणाकडे येते ते विचारा. आधी भांडी उधळतात. चूल लाथेने मोडतात. चौकशी त्यानंतर. तुमच्या वेल्डरच्या शेगडीचं वाचताना मला तेच दिसत होतं. आणि एक सांगा, माळरान, इंग्लंडात पिढ्यानपिढ्या फिरणारे जिप्सी, आयरिश ट्रॅव्हलर आहेत ना? त्यांचं काय झालं या कायद्यांनी?

---

माळरान

दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हो, खरा फटका त्यांनाच बसला. १९६८ च्या कायद्याने स्थानिक परिषदांवर जिप्सींसाठी तळ उपलब्ध करून द्यायची जबाबदारी होती. १९९४ च्या कायद्याने ती काढून टाकली. म्हणजे थांबायला जागा द्यायची नाही आणि थांबलात तर उठवायचं. २०२२ च्या नव्या पोलीस कायद्याने तर परवानगीशिवाय वाहनासह मुक्काम करून राहणं, त्याने मोठं नुकसान किंवा त्रास झाला वा होण्याची शक्यता असताना सांगितल्यावरही न हलणं, हा सरळ फौजदारी गुन्हा केला, वाहन जप्त करता येतं. ज्याचं वाहन हेच घर त्याचं घर जप्त. जत्रेतल्या लोकांच्या नावाने सुरू झालेली गोष्ट शेवटी पाचशे वर्षं फिरणाऱ्या लोकांच्या मुळावर आली. यावर तुम्ही सविस्तर लिहाच, सेटलमेंटबद्दल इथे कुणीच लिहिलेलं नाही.

---

आंजुणेंकार

गोव्याहून लिहितोय. आमच्या आंजुणेंत (अंजुनात) असे हिप्पी लोक साठच्या दशकाअखेरपासून यायचे. एट फिंगर एडी हा अमेरिकन हिप्पी तर शेवटपर्यंत, २०१० पर्यंत इथेच होता. बुधवारचा बाजार सुरू झाला तो जवळचे पैसे संपले की कॅमेरा, जीन्स, गिटार विकायला म्हणून. ऐंशीच्या दशकाच्या मागच्या अर्ध्यात इंग्लंडहून येणारे वाढले. आमच्या आईने माडाखालची खोली दिली होती एका जोडप्याला, मूल लहान होतं. ती बाई सांगायची की आमची बस पोलिसांनी फोडली, आता आम्ही जमिनीवर झोपायला शिकतोय. आईला वाटायचं बस म्हणजे एसटीसारखी, ती का फोडतील? पुष्कळ वर्षांनी हा धागा वाचताना मला उलगडा झाला.

इथल्या पार्ट्यांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. फुकटात चालायचं ते गेलं, दारावर पैसे घेणारे आले. रात्री दहानंतर मोठ्या आवाजाला देशभर बंदी आहेच, ती कुणासाठी लागते आणि कुणासाठी नाही हे गावकरी रोज बघतात. झोप आम्हालाही लागते, म्हणून केशरीभात यांच्या सासूबाईंचं मला कळतं.

---

वाटसरू

सगळे प्रतिसाद वाचले. यंदा आई-बाबा इकडे आहेत, दोघंही सत्तरीच्या पुढचे. २० च्या रात्री घेऊन जावं म्हणतोय. जमेल का? आणि खरंच फुकट आहे?

---

माळरान

वाटसरू, जरूर न्या. प्रवेश फुकट आहे, गाडी लावायचे पैसे पडतात, त्याची आधी चौकशी करा. नाहीतर सॉल्सबरी स्टेशनवरून बस असतात. गाडीतळापासून दगडांपर्यंत चालणं बरंच आहे आणि अंधार असतो, तर टॉर्च आणि बाबांना काठी हवीच. तंबू, दारू, मोठ्या पिशव्या आत चालत नाहीत. जूनमध्येही त्या माळावर वारा बोचरा असतो, आईंना शाल आणि कानटोपी द्या. सूर्य पाच वाजायच्या थोडा आधी वर येतो. गर्दी नको असेल तर दगडांच्या आत न शिरता ईशान्येच्या हील स्टोन नावाच्या सुट्या दगडाच्या बाजूला, कडेने उभे राहा. काहीच दिसत नाही म्हणून निघू नका, ढग असले तरी ढोल वाजतातच. थर्मासमध्ये चहा घेऊन या, मी तिथे असेन. भेटलात तर बसस्टॉपच्या रांगेत बीनफील्डचं शेत कुठल्या दिशेला आहे ते दाखवतो.